उंबऱ्याकडं

खर्ड्याच्या किल्ल्याकडे तोंड करून बसलं की आपल्याला काम सुचतं, असं वैजनाथ लोकांना सांगायचा. खरं कारण एवढंच की त्याच्या घरात मोबाईलची रेंज त्या एका खिडकीपाशीच धरायची. खिडकीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि बाहेर लांबवर किल्ल्याचा बुरूज. तिथं बसून तो वेबसाइटी करायचा. मंगल कार्यालयाची केली, ठिबकच्या दुकानाची केली, जामखेडच्या एका दातांच्या डॉक्टरची केली. त्या डॉक्टरला पहिल्याच पानावर स्वतःचा हसरा फोटो हवा होता, आणि त्याचेच पुढचे दात एकावर एक चढलेले होते. तो फोटो दिसेल पण नीट दिसणार नाही, असा बसवण्यात वैजनाथचे दोन दिवस गेले.

वय तिशीच्या पुढं गेलं होतं. लग्नाचं जमत नव्हतं. मुलीकडची माणसं यायची, चहा प्यायची, एकदा किल्ल्याकडं आणि एकदा लॅपटॉपकडं बघायची, आणि हा गडी दिवसभर खिडकीत बसून नेमकं करतो काय, हे न कळताच उठून जायची. वैजनाथनं ते फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडून तो वस्तीवर परत आला होता तो आईपायी. भीमाबाई घर सोडायला तयार नव्हती. दाराला कुलूप दिसलं तर येणारा माघारी जाईल, असं तिचं म्हणणं. येणारा म्हणजे कोण, हे त्या घरात कधी बोलून दाखवावं लागलं नाही.

येणारा म्हणजे श्रीमंत. वैजनाथचा थोरला भाऊ. वीसेक वर्षांपूर्वी तो टोळीबरोबर ऊस तोडायला गेला, तेव्हा वैजनाथ शाळकरी पोर होता. ट्रॅक्टर सुरू झाला, बायामाणसं वर चढली, आणि तेवढ्यात भीमाबाईच्या ध्यानात आलं की भाकरीचं गाठोडं चुलीपाशीच राहिलं. तिनं मागून हाक मारली. श्रीमंत उडी टाकून खाली आला, हसत गाठोडं घेतलं आणि पुन्हा पळत जाऊन ट्रॉलीत चढला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे त्या भागात लेकराला चालायच्या आधी कळतं. कोणी काही बोललं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. पुढं माघात टोळीकडून निरोप आला. श्रीमंत दिवेलागणीला पाटावर पाणी आणायला गेला तो परतलाच नाही. घागर काठावर सापडली, माणूस सापडला नाही. पाटाला पाणी जोराचं होतं. सगळ्यांनी मनाशी जे समजायचं ते समजून घेतलं. भीमाबाईनं तेवढं समजून घेतलं नाही. दहाव्याचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हाकेनं गेला तो. मी त्याला पिंड कशानं देऊ?"

तर असा हा वैजनाथ. जामखेडला रंगनाथ सर म्हणून एक निवृत्त मास्तर होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ते एक संस्था चालवायचे. त्यांच्या डोक्यातून निघालं की गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपली पोरंबाळं उसाच्या कुठल्या फडावर आहेत, कुठल्या तळावर उतरली आहेत, ते मोबाईलवर दिसलं पाहिजे. वैजनाथनं ते करून दिलं. गाव उघडलं की टोळ्या, टोळी उघडली की कोप्या, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपड्या, कोपी उघडली की माणसं. प्रत्येक माणसाचं एक पान. पानावर फोटो, मुक्काम, मुकादमाचा नंबर. पान बघायला नावनिशी काही लागायची नाही, कुणीही उघडावं. प्रत्येक पानावर वरच्या बाजूला नाव टाकून शोधायची एक चौकट. आणि सरांच्या हौसेखातर आणखी एक गोष्ट होती. आपण एखादं पान बघत असताना दुसरंही कोणी तेच पान उघडून बसलेलं असेल, तर कोपऱ्यात हिरवा दिवा लागायचा. कोण आहे ते कळायचं नाही, कोणीतरी आहे एवढंच. म्हाताऱ्यांना त्यानं बरं वाटायचं.

भीमाबाईनं श्रीमंतचं पान करायला लावलं. वैजनाथनं करून दिलं. जुना फोटो, मिसरूड फुटलेला. मुक्कामापुढं "माहीत नाही". लोकांना बोलायला निमित्त नको म्हणून त्यानं ते कुठल्याच गावाच्या, कुठल्याच टोळीच्या खाली ठेवलं नाही. आईच्या मोबाईलवर एक चित्र ठेवलं, ते दाबलं की थेट श्रीमंत. दुसरी वाटच नाही, असं त्याला वाटत होतं. शोधायच्या चौकटीतून ते पान लपवायचं मात्र तो विसरला.

पहिल्या महिन्यातच फोन सुरू झाले. म्हातारी माणसं पानात शिरायची आणि त्यांना बाहेर येता यायचं नाही, कारण परतीचा रस्ताच वैजनाथनं ठेवला नव्हता. लॅपटॉपवर वरच्या कोपऱ्यातला बाण असतो, तो मोबाईलवर दिसत नव्हता, आणि स्वतः तो कायम लॅपटॉपवर बघायचा. एका म्हातारीनं फोन करून सांगितलं, "माजा नातू आत आडकलाय. मोबाईल बंद करून चालू केला तरी त्योच बघतोय माज्याकडं. त्याला बाहेर काढ, लेकरा." वैजनाथला हसू आलं. हसून झाल्यावर मात्र त्याला जरा कसंतरीच वाटलं.

सरांनी सांगितलं, प्रत्येक पानावर मागं जायचं बटण टाक. काम एका दुपारचं. पण वैजनाथ विचारात पडला. मागं म्हणजे कुठं? एखाद्या माणसाच्या पानावर कुणी गावाकडून येतं, कुणी टोळीकडून, कुणी नाव शोधून. प्रत्येकाला तो जिथून आला तिथंच पोचवायला हवं. त्यानं तसं केलं, आणि घाईत एक चूक केली. देवळात गेलेल्या प्रत्येकाच्या चपला बाहेर वेगळ्या असाव्या लागतात. यानं सगळ्या देवळाला मिळून एकच जागा ठेवली. शेवटी जो आला असेल त्याच्या चपला तिथं, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पायात त्याच. म्हणजे पानावर शेवटचा माणूस जिथून आला असेल, तिकडंच बटण दाबणारा दुसरा कुणीही जायचा. वैजनाथ एकटाच बटण दाबून बघत होता, त्यामुळं त्याला सगळं बरोबर दिसलं.

बटणावर त्यानं "मागे" असं लिहिलं होतं. एकाही म्हातारीनं ते दाबलं नाही. सर वैतागले. वैजनाथनं आईलाच विचारलं.

भीमाबाई म्हणाली, "वाटंला लागल्यालं मानूस हाय त्या पानावर. त्याच्या तोंडाखाली मागं मागं लिहिलंय. कोन दाबंल ते?"

"आगं, त्यानं काय हुतंय?"

"काय हुतंय ते मला इचारतोस?"

वैजनाथ लॅपटॉपकडं वळला. त्यानं "मागे" काढलं आणि तिथं "उंबऱ्याकडं" असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्या खुशाल दाबायला लागल्या.

संक्रांत होऊन गेली होती. त्यानंतर आठवड्याभरात एका संध्याकाळी भीमाबाई जेवताना म्हणाली, "त्या बाईचं नाव काय रं?"

"कुठल्या बाईचं?"

"श्रीमंताच्या पानावरनं उंबऱ्याकडं दाबलं की ती येती."

वैजनाथला वाटलं आईनं भलतंच काही दाबलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लॅपटॉपवर श्रीमंतचं पान उघडलं, बटण दाबलं. त्याच्या कामाची यादी पुढं आली, म्हणजे तो आला होता तिथंच. त्यानं आईला दाखवलं. ती म्हणाली, "दुपारी न्हाई येत. दिवा लागल्यावर येती."

"कसला दिवा?"

"कोपऱ्यात लागतोय की हिरवा. रोज लागतोय. मला वाटलं तुला म्हाईत हाय."

त्या पानाला दुसरी वाट नव्हती. तिथं दिवा लागायचं कारणच नव्हतं. वैजनाथनं त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. लॅपटॉपला हात न लावता संध्याकाळची वाट बघत बसला. दिवेलागणीला भीमाबाईनं देवापाशी निरांजन लावलं, रेंजसाठी खिडकीखालच्या भिंतीला टेकून बसली, आणि मोबाईलवरचं चित्र दाबलं. श्रीमंत आला. कोपरा रिकामा होता. बाहेर शेळी ओरडत होती, रस्त्यानं एक टेम्पो गेला. मग कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला आणि तिथंच राहिला. कोणीतरी दुसरीकडं कुठंतरी बसून त्याच फोटोकडं बघत होतं.

"आता दाब," वैजनाथ म्हणाला. 

तिनं दाबलं. एक पान आलं. "छबूबाई. मुक्काम नेवाशाजवळ, पाटाच्या कडेचा तळ." फोटो होता, पण माणसाचा नव्हता. पाचटाची एक कोपी, तिच्या दारावर वर सारलेलं पोतं, आणि आत अंधार. माणूस उभं राहायच्या आधीच कुणी फोटो काढून टाकावा तसा. वैजनाथनं तो मोठा करून बघितला. आत कोणी बसलं आहे की नाही, ते कळत नव्हतं.

आपली चूक त्याला तिथं बसल्या बसल्याच उमगली, आणि चूक उमगल्यावर भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. कारण चूक एवढंच सांगत होती की बटण खोटं बोलत नाही. छबूबाईच्या पानावर बसून कोणीतरी रोज दिवेलागणीला शोधायच्या चौकटीत श्रीमंतचं नाव टाकत होतं, आणि त्याच्या पानावर येऊन थांबत होतं. दुपारी वैजनाथ आपल्या यादीतून त्या पानावर गेला तेव्हा त्या माणसाच्या वाटेची खूण पुसली गेली होती. भीमाबाई मात्र बाहेरून थेट येत होती, तिची खूण उमटतच नव्हती. म्हणून तिला रोज दुसऱ्याची वाट सापडत होती. त्यानं आईला हे सगळं देवळातल्या चपलांचा दाखला देऊन सांगितलं. तिला चपलांचं तेवढं बरोबर कळलं.

"म्हंजी त्याला वळखणारं कोनतरी हाय," ती म्हणाली.

"आसंल. नायतर कुनी उगाच चाळा करत आसंल."

"रोज? दिवेलागणीला?"

वैजनाथनं छबूबाईचं पान पुन्हा उघडलं. पानावर मुकादमाचा नंबर होता. त्यानं सकाळी लावला. मुकादम गोरक्षनाथ म्हणून होता, बोलायला मोकळा. छबूबाईचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "ती संक्रांतीच्या आदीच वारली की, भाऊ. ताप डोक्यात गेला. तुमी तिचे कोन?"

कोण म्हणून सांगावं, ते वैजनाथला सुचेना. त्यानं पत्ता विचारून फोन ठेवला. ही गोष्ट मात्र त्यानं आईला सांगितली नाही.

त्याच दिवशी रंगनाथ सरांचा फोन आला. सूर्यभान नावाचे एक आजोबा संस्थेत येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं, पोराच्या पानावरून बटण दाबलं की मी भलत्याच माणसाच्या कोपीत जातो, परक्याच्या उंबऱ्यावर असं न खाकरता जाणं बरं दिसतं का? आणि ते खरंच होतं. एकाला सुनेच्या पानावरून दुसऱ्याच टोळीतल्या गड्याचं पान उघडलं होतं आणि घरात नको ते बोलणं झालं होतं. सर म्हणाले, "वैजनाथ, परवापर्यंत नीट कर. नाहीतर आपल्याला हे बंद करावं लागेल."

नीट करणं अवघड नव्हतं. ज्याची वाट त्याच्यापाशी ठेवली की झालं. पण नीट केलं की भीमाबाईला उंबऱ्याकडं दाबल्यावर नुसतं पहिलं पान दिसणार होतं. छबूबाईची कोपी तिला पुन्हा सापडणार नव्हती. इतक्या वर्षांत श्रीमंतकडं जाणारा हा एकच धागा हाताला लागला होता, आणि तो एका चुकीला बांधलेला होता. वैजनाथनं मोटारसायकल काढली.

निघताना भीमाबाई दारात आली. "दिसला तर हाक मारू नगो," ती म्हणाली. "पाठमोरा आसंल तर आजिबात न्हाई. म्होरं जाऊन बघ."

नेवाशाला पोचायला दुपार कलली. तळ पाटाच्या कडेला होता. यंदा ऊस कमी, म्हणून सीझन लवकरच उतरणीला लागला होता, निम्म्या कोप्या मोडून पाचटाचे ढीग झाले होते. गोरक्षनाथनं त्याला बाजेवर बसवलं, चहा आणवला. वैजनाथनं आपण संस्थेचा माणूस असल्याचं सांगितलं आणि मग न राहवून श्रीमंतचा फोटो पुढं केला.

गोरक्षनाथनं मोबाईल लांब धरून बघितला. "छबूबाईसंगं एक गडी हुता. राम म्हनायचे त्याला. लई कमी बोलायचा. ह्यो त्योच का, कसं सांगू? त्याला दाढी हुती, आन ह्यो तर पोरगा हाय. आसंल बी, नसंल बी."

"तो कुठाय आता?"

"तिची माती झाली, आन त्यो मसनवाट्यातनंच पाटाच्या कडंकडंनं चालत गेला. तळावर आलाच न्हाई."

"कुणी थांबवलं नाही?"

गोरक्षनाथनं त्याच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "मसनातनं निघाल्याल्या मानसाला मागनं कोन हाक मारतं, भाऊ? समद्यांनी बघितलं. कोनी बोललं न्हाई."

वैजनाथला त्याच्यावर रागवायचं होतं, पण कशावरून रागवणार? त्याच्या स्वतःच्या तोंडातूनही हाक निघाली नसती. तो उठला आणि छबूबाईची कोपी कुठली म्हणून विचारलं. ती सगळ्यात कडेला होती. दोन्ही बाजूंच्या मोडल्या होत्या, हिला कुणी हात लावला नव्हता. फोटोतलंच पोतं दारावर, पण आता खाली सोडलेलं. वैजनाथनं ते बाजूला केलं. आत चुलीचे तीन दगड होते, राख कधीचीच वाऱ्यानं गेलेली. आणि कोपऱ्यात एक घागर, काठोकाठ भरलेली. पाणी स्वच्छ होतं, त्यात काडीकचरा पडलेला नव्हता. घागरीखालची माती ओली होती.

"हे पाणी कुणी भरलं?" त्यानं बाहेर येऊन विचारलं.

"बाया भरत आसतील," गोरक्षनाथ म्हणाला.

शेजारी पाचट बांधत असलेली एक बाई मान वर न करता म्हणाली, "आमी न्हाई भरत. आमी तिकडं फिरकत बी न्हाई."

गोरक्षनाथनं विषय बदलला. आपल्या कोपीतून त्यानं एक मोबाईल आणून दिला. काच तडकलेली, पाठ फुगलेली. छबूबाईचा. ती गेली त्या दिवशी बंद पडला तो पुन्हा चालू झाला नाही. टोळीत कुणी घ्यायला तयार नव्हतं, फेकायलाही कुणाचा हात होत नव्हता. "संस्थेत जमा करा," तो म्हणाला. वैजनाथनं तो पिशवीत टाकला. येताना पाटाच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली आणि काठाच्या पायवाटेकडं बघितलं. पाणी संथ चाललं होतं, वाट सरळ लांबपर्यंत दिसत होती, आणि तिच्यावर कोणी नव्हतं. कोणी असतं तर आपण काय केलं असतं, याचाच त्याला उलगडा होईना.

आईपासून त्यानं आता काही लपवलं नाही. छबूबाई वारल्याचं सांगितलं, राम नावाच्या गड्याचं सांगितलं. भीमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं.

"घागर भरल्याली हुती?"

"व्हय."

"पान्यालाच गेल्ता त्यो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ खिडकीत बसला आणि सगळी बटणं दुरुस्त केली. ज्याची वाट त्याच्यापाशी. सूर्यभान आजोबा आता बटण दाबलं की आपल्याच गावाच्या पानावर परत जाणार होते. शेवटी श्रीमंतचं पान राहिलं, आणि त्याचा हात थांबला. तिथं येणारा जो कोणी होता, तो रोज येत होता, बघत होता, आणि उंबऱ्याकडं दाबून पुन्हा त्या रिकाम्या कोपीत जात होता. दुसरा उंबरा त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

वैजनाथ उठला. भीमाबाई अंगणात तूर पाखडत होती. त्यानं तिला दारात उभं राहायला सांगितलं.

"फोटू कशाला?"

"तुझं पान करतोय."

"त्वांड कुनीकडं करू?"

"इकडं. रस्त्याकडं."

तिनं पदर सारखा केला आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. फोटोत घराचं सगळं दार आलं, कडूनिंब आला, आणि मागं किल्ल्याचा बुरूज. वैजनाथनं तिचं पान केलं. मुक्काम लिहिला, गाव, वस्ती, सगळं नीट. मग श्रीमंतच्या पानावरच्या बटणाला बाकीच्यांचा नियम लावला नाही. कुणीही कुठूनही आलेलं असो, तिथून उंबऱ्याकडं दाबलं की भीमाबाईच्याच दारात. काम म्हणून बघितलं तर ते चुकीचं होतं. त्यानं मुद्दाम केलेली ती पहिली चूक.

संध्याकाळी दोघं खिडकीखालच्या भिंतीला टेकून बसले. निरांजन लावलेलं होतं. छबूबाईचा तडकलेला मोबाईल समोर फळीवर होता, वैजनाथनं तो मुद्दाम नजरेसमोर ठेवला होता. आईच्या मोबाईलवर श्रीमंतचं पान उघडं होतं, आणि वैजनाथच्या हातातल्या मोबाईलवर भीमाबाईचं. दोन्हींचे कोपरे रिकामे होते. वैजनाथला वाटलं, आता दिवा लागला नाही तरी बरं. मग वाटलं, लागला नाही तर आईला काय सांगायचं?

श्रीमंतच्या पानावर दिवा लागला.

फळीवरचा मोबाईल तसाच होता, काळा. वैजनाथनं उठून त्याला हात लावून बघितला. गार होता. म्हणजे जो कोणी होता तो दुसऱ्या कुठल्या तरी मोबाईलवर होता, आणि त्यात अशक्य असं काहीच नव्हतं. पाटाच्या कडेनं गेलेल्या गड्याला कुणीतरी मोबाईल दिला असेल. टोळीतल्याच कुणाला तरी ती सवय लागली असेल. वैजनाथ हे मनातल्या मनात भराभर मोजत होता, आणि त्यातल्या एकाही गोष्टीत ती घागर बसत नव्हती.

भीमाबाईच्या मोबाईलवरचा दिवा विझला.

तिनं मान वर केली नाही. वैजनाथच्या हातातल्या मोबाईलकडंच ती बघत होती. तिथं तिचं स्वतःचं पान होतं, तिचा फोटो, तिचं दार. त्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला.

"आला," भीमाबाई म्हणाली.

वैजनाथनं दाराकडं बघितलं. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, कडूनिंबाखाली अंधार धरायला लागला होता. शेळी गप्प उभी होती आणि रस्त्याकडं बघत होती. बाकी तिथं काही नव्हतं. त्याला उठून दार लोटावंसं वाटलं आणि तो जागचा हलला नाही.

"आई, कुनी बी आसंल गं," तो म्हणाला. "हाक नगो मारू."

भीमाबाईनं त्याच्या हातातला मोबाईल घेतला, मांडीवर नीट ठेवला. वीस वर्षांत त्यानं तिचा चेहरा इतका मोकळा कधी बघितला नव्हता.

"आजवर पाठमोरा हुता," ती म्हणाली. "आता त्याचं त्वांड आपल्याकडं हाय. आता हाक मारली तर ती मागनं न्हाई."

आणि तिनं हाक मारली. मोबाईलमध्ये नाही. मोबाईल मांडीवर तसाच राहिला. तिनं दाराकडं बघून, घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी हाक मारली. "श्रीमंता. ये रं."

ठिपका विझला.

वैजनाथ वाट बघत राहिला. श्रीमंतचं पान उघडून बघितलं, तिथं नव्हता. छबूबाईचं बघितलं, तिथंही नव्हता. जो कोणी होता तो त्या सगळ्या पानांतून कुठंच उरला नव्हता. भीमाबाई उठली, चुलीपाशी गेली, आणि परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.

जेवणं झाली. झाकून ठेवलेली भाकरी तशीच राहिली. वैजनाथ दाराशी गेला आणि सवयीनं कडीला हात घातला.

"कडी लावू नगो," भीमाबाई आतून म्हणाली.

त्यानं लावली नाही. नेवासा खर्ड्यापासून चालत किती दिवसांच्या वाटेवर आहे, याचा त्यानं अंदाज करून बघितला आणि सोडून दिला. आपली खाट त्यानं दारासमोर ओढली आणि तोंड दाराकडं करून पडला. भाऊ यावा असं त्याला फार वाटत होतं. आणि जो येईल तो भाऊच असावा, असंही.